मुलांनी चालवलेली चर्चा सारांशाच्या पुढे कशी न्यायची?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी पदवीच्या वर्गाला साहित्य शिकवते. या सत्रात आठवड्यातला एक तास मुलांच्या हाती द्यायचं ठरवलं. मजकूर मी नेमायचा, सगळ्यांनी घरून वाचून यायचं आणि त्या दिवसाची चर्चा दोघांनी मिळून चालवायची. मी मागच्या बाकावर. वर्गात ३२ जण आहेत आणि असे १६ तास हाताशी आहेत, म्हणजे प्रत्येकाची पाळी एकदा येते.

दोन तास झाले आणि मला चैन पडत नाहीये. पहिल्या जोडीने मेहनत घेतली होती, त्यात शंका नाही. २२ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन. त्यात लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार, मग कथेचा सारांश, मग ‘कथेची वैशिष्ट्ये’. यात ४० मिनिटं गेली. शेवटी त्यातला एक म्हणाला, “कुणाला काही शंका?” वर्ग गप्प. चार-पाच सेकंदांत सगळ्यांच्या माना मागे, माझ्याकडे वळल्या. मला राहवलं नाही, मी बोलायला लागले आणि उरलेला तास मीच खाल्ला.

दुसऱ्या आठवड्यात नेमकं उलट. प्रेझेंटेशन नव्हतं, पण एका पात्राच्या वागण्यावरून दोन मुलांची जुंपली. आवाज चढले. बाकीचे ३० जण बघत बसले. कथा कधी बाजूला पडली कुणाला कळलंही नाही.

मला मुलांच्या हाती द्यायला एक पानभर सूचना हव्या आहेत. ‘सर्वांनी सहभागी व्हावे’, ‘इतरांच्या मतांचा आदर करावा’ हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं आणि त्याचा उपयोग किती झाला ते वर लिहिलंच आहे. तुमच्यापैकी ज्यांनी असे तास घेतलेत, किंवा विद्यार्थी म्हणून अशा तासांना बसलात, त्यांनी कृपया प्रत्यक्षात काय चालतं ते सांगा.

मागचाबाक

मॅडम, मी गेल्याच वर्षी शिक्षण संपवलं. दोन वर्षं अशा तासांना बसलो, तीनदा स्वतः चर्चा घेतली. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगतो.

मुलं सारांश का वाचतात? भीतीने. कुणी वाचूनच आलेलं नसेल तर काय, ही एक भीती. आणि मला उत्तर येत नसलेलं काही कुणी विचारलं तर काय, ही दुसरी. प्रेझेंटेशन या दोन्हींवरचा सोपा उपाय आहे. न वाचलेल्यांची सोय होते आणि प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. म्हणून नुसतं ‘सारांश वाचू नका’ म्हणून भागणार नाही, ती दुसरी भीती काढावी लागेल.

आमच्या सरांनी ती एका वाक्याने काढली होती. ते म्हणाले, चर्चा घेणारा त्या दिवसाचा तज्ज्ञ नसतो, तो सूत्रधार असतो. मग त्यांनी नियम केला की आदल्या दिवशी जोडीने दोन प्रश्न त्यांना नेऊन दाखवायचे. प्रश्न वाचून ते एवढंच विचारायचे, “याचं उत्तर तुम्हाला येतं का?” आम्ही उत्साहाने हो म्हणालो की प्रश्न परत. “ज्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे त्यासाठी ३० जणांना कशाला बसवून ठेवता? जिथे तुम्ही स्वतः अडलात ती जागा घेऊन या.” सुरुवातीला राग यायचा. पण मग आम्ही वाचतानाच कुठे अडतोय ते बघायला लागलो.

एक तास अजून डोळ्यांसमोर आहे. कथेतला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी परततो. जोडीतल्या मुलीने विचारलं, “पान नऊवर तो दाराशी पोचतो आणि दार वाजवायच्या आधी लेखकाने अख्खा परिच्छेद त्या दारावर खर्च केलाय. रंग, कडी, फळीला गेलेला तडा. का? मला खरंच कळलेलं नाही.” पहिलं उत्तर ठरलेलं आलं, वातावरणनिर्मिती. ती म्हणाली, “असेल. पण मग बाकी घराचं वर्णन कुठेच कसं नाही?” पानं चाळल्याचे आवाज झाले. खिडकीजवळचा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरतं तोंड उघडायचा, म्हणाला की पहिल्या पानावर हेच दार उघडं आहे आणि तिथे कडीचा उल्लेख नाही. लगेच कुणीतरी म्हणालं, म्हणजे कडी नंतर बसवली. कोणी? कोण येऊ नये म्हणून? पुढची २५ मिनिटं कुणी घड्याळाकडे बघितलं नाही आणि सरांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

तो प्रश्न कुठल्याही गाइडात सापडला नसता. त्यात पानाचा नंबर होता, आणि ‘मला कळलेलं नाही’ हे खरं होतं.

पानोपानी

+१. पानाचा नंबर नसलेला प्रश्न चर्चेत आणूच नये, मी तर म्हणेन. ‘या कथेतून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न कथा न वाचताही सोडवता येतो.

प्रयोगवही

मी विज्ञानाचा माणूस आहे, साहित्यात फार गती नाही. पण तुमच्या लिहिण्यातल्या ‘चार-पाच सेकंदांत’ या शब्दांवर अडलो, म्हणून लिहितो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे त्या मोजत होत्या. सरासरी निघाली एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतो, दुसऱ्याला उठवतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. ज्या वर्गांत हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेलं, तिथे मुलांची उत्तरं लांबली, उत्तरांसोबत कारणं यायला लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प राहणारीही बोलू लागली.

यात एक गोष्ट फार कमी लोक लक्षात ठेवतात. रो बाईंनी दोन थांबे मोजले होते. एक प्रश्नानंतरचा आणि दुसरा मुलाचं उत्तर संपल्यानंतरचा. हा दुसरा जास्त मोलाचा आहे. मूल बोलताना मध्येच थांबतं ते वाक्य जुळवायला, आपल्याला वाटतं त्याचं झालं. आपण ‘छान’ म्हणून पुढे जातो आणि त्याचा खरा मुद्दा पोटातच राहतो.

वर्गात मी हे घड्याळ लावून करून बघितलंय. तीन सेकंदही सुरुवातीला फार लांब वाटतात. विद्यार्थी समोर उभा असला की त्याला ते तीन मिनिटांसारखे वाटत असणार. म्हणून तुमच्या पानावर स्पष्ट लिहा: प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. तोवर प्रश्न पुन्हा बोलायचा नाही, सोपा करायचा नाही, ‘म्हणजे मला असं म्हणायचंय की’ सुरू करायचं नाही. जोडीतला एक प्रश्न विचारेल आणि आकडे दुसरा मोजेल, अशी वाटणी केली तर सोपं जातं.

आणि मॅडम, राग मानू नका, पण हा नियम तुम्हालाही लागू आहे. शांतता पसरली की मुलं तुमच्याकडे बघणारच. त्या वेळी वहीत मान घालून काहीतरी लिहीत राहा.

मितभाषी

मी त्या ३० जणांपैकी आहे जे बघत बसतात. पाच वर्षांच्या शिक्षणात वर्गातल्या चर्चेत मी सात-आठ वेळा बोलले असेन. म्हणून थोडं लांब लिहिते.

मला मत नसतं असं नाही. मला वेळ लागतो. कुणी प्रश्न विचारला की मी पान उघडते, वाक्य शोधते, मनात मांडणी करते आणि तोंड उघडेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. मग मागचा मुद्दा उकरून काढायला संकोच वाटतो. जे भराभर बोलतात ते वाईट नसतात, पण पहिल्या तीन मिनिटांत जे तीन जण बोलतात, तास त्यांचाच होऊन जातो.

आमच्या एका बाईंनी यावर काढलेला तोडगा साधा होता. प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या वहीत उत्तर लिहायचं. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं बोलायचं. मग वर्गाशी. पुढे कळलं की ही जुनी, सर्वदूर वापरली जाणारी पद्धत आहे, फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली: आधी विचार, मग जोडीत, मग सगळ्यांत. मला तिने वाचवलं. एक तर माझ्या हातात लिहिलेलं वाक्य असायचं. दुसरं म्हणजे शेजारणीने ते ऐकून ‘अगं हे सांग की’ म्हटलेलं असायचं. मी पहिल्यांदा वर्गात बोलले ते असंच, वहीतलं वाक्य जसंच्या तसं वाचून. हात थरथरत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

दोन गोष्टी करू नका अशी विनंती. ‘आता मागच्या रांगेतल्यांनी बोला’ असं म्हणून कुणाला उठवू नका. तयारी नसताना उठवलेला माणूस पुढचे चार तास डोकं खाली घालून बसतो. आणि बोलण्याच्या संख्येवर गुण देऊ नका. आमच्याकडे एका सत्रात दर बोलण्यामागे एक खूण असायची. मुलं ‘मी यांच्याशी सहमत आहे’ एवढंच म्हणायला उभी राहायची आणि खूण झाली की बसायची.

खडूफळा

@मितभाषी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मागच्या रांगेला उठवण्याचं काम मी वर्षानुवर्षं केलंय, आणि तेही चांगल्या हेतूने. मनापासून आभार.

@प्रयोगवही, राग कशाला? मान्य आहे. पुढच्या वेळी वही घेऊन बसते.

गुणांचा प्रश्न मात्र आहेच. काहीच गुण नाहीत म्हटलं तर निम्मा वर्ग वाचून येणार नाही.

समास

दुसऱ्या तासाला जुंपली त्याबद्दल.

आपल्याकडे ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ हे सगळे म्हणतात, पण त्यातला ‘वाद’ म्हणजे भांडण नव्हे. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. मराठीत वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो तो तिथूनच आलाय.

मी मुलांना हे तिन्ही शब्द पहिल्याच तासाला सांगतो, कारण त्यानंतर चर्चा घसरली की कुणालाच कुणावर ओरडावं लागत नाही. सूत्रधार नुसतं म्हणतो, “आपण जल्पावर आलो का?” आणि मुलं भानावर येतात. ‘तू भांडतोयस’ म्हटलं की माणूस दुखावतो. हा शब्द सगळ्या चर्चेला उद्देशून असतो, एकट्या माणसाला लागत नाही.

दुसरी जुनी रीत पूर्वपक्षाची. समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपल्या तोंडाने, त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचं. वर्गात नियम असा: “तुझं म्हणणं असं आहे ना, की...” इथून सुरुवात करायची आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक वेळा ‘नाही, मी असं म्हटलंच नव्हतं’ येतं. तेव्हाच कळतं की ते दोघे दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत होते. तुमच्या त्या दोघांना विचारून बघा. एक जण बहुधा ‘त्या पात्राने असं वागायला नको होतं’ म्हणत असेल आणि दुसरा ‘ते पात्र असंच वागलं असतं’ म्हणत असेल. एक नीतीबद्दल बोलतोय, दुसरा स्वभावाबद्दल.

खडूफळा

@समास, अगदी हेच झालं होतं! शब्द थोडे वेगळे, पण हेच.

तळटीप

सगळे सारांशाच्या मागे लागलेत, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

मी सामाजिक शास्त्रं शिकवतो. आमच्याकडे नेमलेला मजकूर कथा नसतो. ३० पानी लेख असतो, त्यात नवीन संज्ञा, लांबलचक वाक्यं आणि मध्येच दुसऱ्याच लेखकाशी घातलेला वाद. मुलं तो वाचून येतात, पण समजून येतात असं नाही. अशा वर्गात थेट ‘तुम्ही कुठे अडलात?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘पहिल्या पानापासून.’ त्यामुळे सारांश हवाच. तो कोणी करायचा आणि किती वेळात, एवढाच प्रश्न आहे.

ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये कच्चं वाचणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत मांडली होती. छोट्या गटात एक तुकडा वाचायचा आणि चार कामं करायची: त्याचा सारांश सांगायचा, त्यावर प्रश्न काढायचा, अडलेलं उलगडायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. सुरुवातीला हे शिक्षक करून दाखवतो, मग आळीपाळीने मुलं शिक्षकाच्या जागी बसतात. यात सारांश त्या चार कामांत आहेच. फरक इतकाच की तो मुलं तिथल्या तिथे, स्वतःच्या शब्दांत करतात. घरून टाइप करून आणलेला सारांश आणि हा सारांश यांत फार अंतर आहे.

मी असं करतो. सूत्रधाराने सारांश सांगायचा नाही, वर्गाकडून काढून घ्यायचा. वेळ सात मिनिटं. “लेखकाचं म्हणणं एका वाक्यात कोण सांगेल?” पहिलं वाक्य फळ्यावर. मग “यात काय सुटलं?” दुसरा दुरुस्त करतो. चौथ्या दुरुस्तीपर्यंत फळ्यावर जे वाक्य उभं राहतं ते बहुतेक वेळा माझ्या वाक्यापेक्षा चांगलं असतं. आणि दुरुस्त्या करताना कोण कुठे अडलंय ते आपोआप बाहेर पडतं. चर्चेचा प्रश्न तिथेच मिळतो.

आणखी एक. समोर उभी राहिलेली मुलं शिक्षकाची नक्कल करतात. वर्गातलं बोलणं फिरून फिरून तीन पायऱ्यांचं असतं, हे सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच दाखवलंय: शिक्षक विचारतो, मूल सांगतं, शिक्षक शेरा देतो. सूत्रधारही प्रत्येक उत्तरावर ‘बरोबर’, ‘छान मुद्दा’ म्हणायला लागतो. ‘बरोबर’ म्हटलं की विषय मिटतो. पुढचा कशाला बोलेल? त्याऐवजी दोनच वाक्यं पाठ करायला सांगा. “कुठल्या ओळीवरून म्हणतोस?” आणि “यावर कुणाला वेगळं दिसतंय?” पहिलं वाक्य गुर्मीत विचारलं तर उलटतपासणी वाटते, म्हणून विचारताना स्वतःही पान उलटत विचारायचं. म्हणजे दोघेही ती ओळ शोधताय असं होतं.

मागचाबाक

@तळटीप, पटलं. वर्गाकडून काढलेला सारांश आणि वाचून दाखवलेला सारांश हा फरक मी लिहायला हवा होता.

पानोपानी

भूमिका वाटून द्याव्यात का? म्हणजे एक जण प्रश्न काढणार, एक जण शब्दार्थ बघणार, एक जण जुन्या वाचनाशी जोडणार वगैरे. कुठेतरी वाचलं होतं.

तळटीप

सुरुवातीचे दोन-तीन तास चालतं. पुढे नाही. हार्वी डॅनियल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांमुळे वाचनगटांतल्या या भूमिका घराघरात पोचल्या, आणि नंतर त्यांनीच भूमिकांच्या कागदांवर फार विसंबू नका असा इशारा दिला. मुलं आपापला कागद वाचून दाखवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मीही हेच पाहिलंय. ‘माझं काम झालं’ म्हणून शब्दार्थवाला खिडकीबाहेर बघत बसतो.

प्रयोगवही

वर्गाच्या आकाराबद्दल कुणी बोललं नाही. अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर अकादमी या शाळेत एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून १९३० नंतर अंडाकृती टेबलाभोवतीचे वर्ग सुरू झाले. साधारण बारा मुलं, एक शिक्षक, सगळे एकमेकांच्या समोर. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या चर्चेचं उदाहरण म्हणून ते टेबल नेहमी पुढे केलं जातं. पण ती बारा जणांची गोष्ट आहे. ३२ जण गोलात बसले की समोरच्याचा चेहराही नीट दिसत नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट येतं.

त्यामुळे सगळ्यांनी एकदम एकाच चर्चेत असावं हा आग्रह सोडा. आत दहा जणांचं कडं, ते बोलणार. बाहेर बाकीचे, ते ऐकून लिहिणार. २० मिनिटांनी बाहेरच्यांपैकी दहा जण आत. आत एक खुर्ची रिकामी ठेवायची. बाहेरच्या कुणाला अगदीच राहवलं नाही तर त्याने येऊन बसायचं, बोलायचं आणि उठून जायचं. बाक हलत नसतील तर पुढच्या दोन रांगांनी मागे वळून बसायचं. गैरसोय होते, पण काम भागतं.

बाहेरच्यांनी काय लिहायचं तेही ठरवून द्या, नाहीतर मोबाइल निघतात. मी एकाला नकाशा काढायला लावतो. बसलेल्या प्रत्येकासाठी एक टिंब, आणि कोण कुणाला उद्देशून बोललं त्याच्या रेघा. पहिल्या वेळी सगळ्या रेघा सूत्रधाराकडे जातात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. तो कागद मुलांना दाखवला की मला काही बोलावं लागत नाही. पुढच्या वेळी मुलं आपणहून एकमेकांकडे वळून बोलतात.

मितभाषी

तो रेघांचा नकाशा फार आवडला. माझ्यासारख्यांना तो गुणांच्या खुणांपेक्षा खूप कमी भीतीदायक वाटेल, फक्त टिंबांजवळ नावं लिहू नका.

खडूफळा

सगळ्यांचं वाचून एक कच्चं पान तयार केलंय. ते मुलांना उद्देशून आहे, त्याच भाषेत इथे देते.

“तुम्ही शिक्षक नाही आणि वक्तेही नाही. वर्गाला मजकुरापाशी परत परत नेणं एवढंच तुमचं काम आहे.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत दोन प्रश्न मला दाखवा. प्रत्येक प्रश्नाला पानाचा नंबर हवा. उत्तर तुम्हाला पक्कं माहीत असेल तर तो प्रश्न नको. लेखकाचं चरित्र हवंच असेल तर चार ओळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, वाचू नका. प्रेझेंटेशन नाही.

तासाची पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी तुम्ही निवडलेलं एकच पान मनात पुन्हा वाचायचं. जे घरून वाचून आलेत त्यांनीही. मग मजकूर अवघड असेल तर वर्गाकडून एका वाक्याचा सारांश काढून घ्या, नसेल तर थेट पहिला प्रश्न फळ्यावर. दोन मिनिटं लिहायला, तीन मिनिटं शेजाऱ्याशी. त्यानंतरच हात वर.

शांतता झाली तर मनात दहा मोजा. मागे वळून माझ्याकडे बघू नका, मी वहीत लिहीत असेन.

‘बरोबर’ आणि ‘छान’ हे शब्द त्या तासापुरते बंद. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगा.

दुसरा प्रश्न आलाच पाहिजे असं नाही. पहिल्यावरच तास गेला तर उत्तम.”

गुणांबद्दल असं ठरवलंय की बोलण्याला गुण नाहीत. तास संपताना प्रत्येकाने पाच ओळी लिहून द्यायच्या: आज कुणाच्या बोलण्यामुळे माझं मत बदललं किंवा पक्कं झालं, आणि मजकुरातल्या कुठल्या जागेमुळे. गुण त्यालाच. वाचून न आलेल्याला हे लिहिता येणार नाही, आणि न बोललेल्याला येईल.

मितभाषी

शेवटची कल्पना फार चांगली आहे. ऐकणाऱ्यालाही त्यात जागा आहे.

समास

एकच सुचवतो. ‘वर्गाला मजकुरापाशी नेणं’ हे ठीक, पण स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण कुणी सांगायला लागलं तर लगेच अडवू नका असं जोडा. मुलं कधीकधी मजकुराकडे त्याच वाटेने येतात. बोलून झाल्यावर एवढंच विचारायचं, “हे कथेत कुठे दिसलं तुला?”

खडूफळा

जोडलं.

खडूफळा

आज तिसरा तास झाला. घरी आल्या आल्या लिहितेय.

जोडीने काल आणलेले चारपैकी तीन प्रश्न मी परत केले होते. मुलगी जरा हिरमुसली होती. चौथा प्रश्न असा: कथेतली आई संपूर्ण कथेत मुलाला नावाने हाक मारत नाही, फक्त पान १४ वर एकदा मारते. तिथेच का?

पाच मिनिटं वाचन, दोन मिनिटं लेखन, तीन मिनिटं कुजबुज. मग मुलीने विचारलं, “कोण सुरुवात करतंय?” शांतता. मी वहीत मान घातली आणि मोजत होते. अकरा. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात अकरा सेकंद शांतता कधी झाली नव्हती. मला घाम फुटला होता. बाराव्याला एक मुलगा म्हणाला, “मी चुकत असेन, पण तेव्हा तो झोपलेला आहे.” तिथून गाडी जी सुटली! झोपलेल्याला हाक मारतात का? मग ती हाक त्याला ऐकू जावी म्हणून आहे की जाऊ नये म्हणून? दोन जण पुन्हा जुंपणार असं वाटत असतानाच सूत्रधार मुलगा म्हणाला, “थांब, आधी तिचं म्हणणं सांग.” आणि त्याने सांगितलं, थोडं चुकीचं. तिने दुरुस्त केलं. मग तो म्हणाला, “असं असेल तर मला पटतंय.”

१९ जण बोलले. त्यातल्या सहा जणांचा आवाज मी या सत्रात पहिल्यांदा ऐकला.

आता अडचण. शेवटच्या दहा मिनिटांत वर्गाचं असं मत बनलं की आईला मुलगा जाणार हे आधीच माहीत होतं. मजकुरात तसं नाही. पान १६ वर तिला ते दुसऱ्याकडून कळतं, स्पष्ट लिहिलंय. कुणीही ते पान उघडलं नाही आणि घंटा झाली. मी बोलले नाही, पण आता बोचतंय. गप्प राहून चूक केली का?

प्रयोगवही

आमच्या विषयात मी बोललो असतो. चुकीची गोष्ट डोक्यात पक्की बसली की ती काढायला फार कष्ट पडतात. पण त्याच क्षणी नाही, तास संपल्यावर.

मागचाबाक

मॅडम, मुलगा जाणार हे तिला माहीत होतं असं पहिल्यांदा कोण म्हणालं, आणि त्याला कुणी ‘कुठल्या ओळीवरून?’ विचारलं का?

खडूफळा

नाही. रंगात आली होती मुलं, कुणीच विचारलं नाही.

तळटीप

मग तुम्ही उत्तर देऊ नका, पान द्या. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं पुन्हा वाचायला पान १६ ठेवा. काही सांगू नका. ज्याला दिसेल तो बोलेल.

खडूफळा

हे करते. पुढच्या जोडीला आत्ताच निरोप पाठवला की पहिली पाच मिनिटं मला हवीत, त्यांचा प्रश्न त्यानंतर. त्यांचं लगेच उत्तर आलं: “मॅडम, पान १६ का? आम्हालाही तेच पान हवं होतं.”